शाळेतील दादागिरी आणि मोबाईलवरील छळ : पालकांनी व शिक्षकांनी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

आपल्या मुलाला शाळेत किंवा मोबाईलवर कोणीतरी सतत त्रास देत आहे हे कळले की बहुतेक पालक त्याच संध्याकाळी दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण समोरच्या मुलाच्या घरी तावातावाने फोन लावतात, तर काही जण आपल्याच मुलाला ‘दुर्लक्ष कर, आपोआप थांबेल’ असे सांगून विषय संपवतात. दोन्हींच्या मागे काळजीच असते. परंतु पहिल्या उपायाने मुलाला दुसऱ्या दिवशी ‘घरी जाऊन सांगतो’ म्हणून अधिक सोसावे लागते आणि दुसऱ्या उपायाने ते पुन्हा काही सांगेनासे होते. म्हणून या लेखात काय करावे याइतकाच भर ते कोणत्या क्रमाने करावे यावर दिला आहे. लेख प्रामुख्याने पाचवी ते बारावीच्या मुलांचे पालक आणि वर्गशिक्षक यांच्यासाठी असून, कायदा व हेल्पलाइन यांचे तपशील भारतातील आणि शाळेच्या समित्यांचे बरेचसे तपशील महाराष्ट्रातील आहेत.

थट्टा आणि छळ यांतील सीमा

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वे आणि स्वीडनमध्ये डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने सुरू केला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेतील तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सहाध्यायांकडून झालेला छळ असल्याचे पुढे आले, तेव्हा १९८३ मध्ये त्या देशाने शाळांमध्ये राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. ओल्वेउस यांनी सांगितलेल्या तीन कसोट्या आजही उपयोगी पडतात : दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोघांच्या ताकदीतील तफावत. ही ताकद केवळ शरीराची नसते. वर्गात कोणाला किती मित्र आहेत, कोण बाईंचा लाडका आहे, कोणाच्या हातात महागडा फोन आहे, कोण नव्याने बदली होऊन आले आहे, यावरूनही ती ठरते.

पालकांना घरच्या घरी लावता येईल अशी साधी कसोटी म्हणजे, ‘हे तू थांबव म्हटल्यावर थांबते का?’ हा प्रश्न. एकमेकांना चिडवणारे मित्र समोरचा हिरमुसला की थांबतात. छळणाऱ्याला मात्र त्या हिरमुसण्यानेच जोर चढतो. ऑनलाइन जगात ‘पुन्हा पुन्हा’ या कसोटीचा अर्थही थोडा बदलतो. सहलीत तोंडात घास असताना काढलेल्या फोटोचे एखाद्याने स्टिकर बनवले, तर ते बनवण्याची कृती एकदाच घडलेली असते. पण वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्याच कोणाच्या बोलण्याला उत्तर म्हणून ते रोज येत राहते आणि त्या मुलाला रोज नव्याने लागते.

आपल्याकडे ज्या गोष्टी थट्टेत खपून जातात त्यांची यादी मोठी आहे : रंग, वजन, चष्मा, तोतरेपणा, गावाकडची बोली, मुलाच्या चालण्याबोलण्यावरून त्याला ‘बायल्या’ म्हणणे, आडनावावरून जात काढणे, फीमाफी किंवा शिष्यवृत्तीवरून टोमणे मारणे. यांपैकी जातीवरून, धर्मावरून आणि अपंगत्वावरून केलेल्या बोलण्याला थट्टा मानण्याची सवलत शाळेने एकदाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मारहाण दिसते तरी; जाणूनबुजून वाळीत टाकणे दिसतही नाही. ‘आठवी ब’ चा एक ग्रुप सर्वांचा आणि दुसरा एकाच मुलीला वगळून, असे दोन ग्रुप असले की मधल्या सुट्टीत त्या मुलीला कळत नाही की सगळे कशावर हसत आहेत. तक्रारीत लिहावे असे त्यात काहीच नसते आणि सोसायला मात्र खूप असते.

पहिली पायरी : खुणा वेळेवर वाचणे

मूल तोंडाने सांगण्याआधी त्याच्या सवयी सांगू लागतात. नेहमीची व्हॅन जाणूनबुजून चुकावी म्हणून सकाळी मुद्दाम रेंगाळणे, ‘बाबा, आज तुम्हीच सोडा’ असा हट्ट, शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचे नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणे आणि घरी आल्याबरोबर आधी बाथरूमकडे धावणे, डबा तसाच परत येणे, वह्या व कंपासपेटी वारंवार हरवणे, ठरावीक वारीच पोट दुखणे अशी ती लक्षणे असतात. मोबाईलच्या बाबतीत, नोटिफिकेशनच्या आवाजाने दचकणे, स्क्रीन उलटी ठेवणे, रात्री उशिरापर्यंत जागणे, किंवा एरवी हातातून न सुटणारा फोन एकाएकी नकोसा होणे, या दोन्ही टोकांच्या बदलांकडे लक्ष द्यावे.

एकेकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन खुणा दोन आठवडे टिकून राहिल्या तर मात्र बोलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

दुसरी पायरी : पहिले बोलणे

सगळ्या प्रक्रियेतील हा सर्वांत नाजूक भाग आहे, कारण मूल पुढे आपल्याला काय सांगणार आणि काय लपवणार हे इथेच ठरते. मुले सांगत नाहीत यामागची कारणे जवळजवळ ठरलेली असतात. फोन काढून घेतील ही भीती, आईबाबा शाळेत येऊन गोंधळ घालतील ही भीती, ‘चुगलखोर’ ठरण्याची भीती आणि ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे ऐकावे लागेल ही भीती. यांतली पहिली भीती पालकांना फारशी कळत नाही. आपल्याला वाटते की फोन काढून घेतला म्हणजे त्रासाचे मूळच काढले. मुलाच्या दृष्टीने ती सोसल्याबद्दल मिळालेली शिक्षा असते, शिवाय उरलेसुरले मित्रही त्याच फोनवर असतात. त्यामुळे काही घडायच्या आधीच, शक्यतो फोन हातात देतानाच, ‘तुला कोणी त्रास दिला आणि तू मला सांगितलंस, तर त्या कारणासाठी मी फोन काढून घेणार नाही’ असा शब्द द्यावा आणि तो पाळावा.

बोलण्यासाठी समोरासमोर बसवून चौकशी करण्यापेक्षा एकत्र चालताना, गाडीवरून जाताना किंवा भाजी निवडताना बोलावे. नजर चुकवायची मुभा असली की मुले अधिक मोकळेपणाने बोलतात. ‘शाळेत कोणी त्रास देतं का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. त्याऐवजी ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खातेस?’, ‘व्हॅनमध्ये कुठे बसतोस?’, ‘तुमच्या वर्गात कोणाची सगळ्यात जास्त टर उडवतात?’ असे जागेचे आणि माणसांचे प्रश्न विचारावेत.

मूल सांगू लागले की मध्ये तोडू नये. ऐकून झाल्यावर प्रथम ‘मला सांगितलंस हे फार बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढेच म्हणावे आणि मग ‘यापुढे काय व्हावं असं तुला वाटतं?’ हे विचारावे. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी गळ घातली तर खोटे वचन देऊ नये. ‘तुला विचारल्याशिवाय कोणाकडे जाणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र मला मदत घ्यावीच लागेल’ असे प्रामाणिकपणे सांगावे. ‘तूही एक ठेवून दे’ हा सल्ला तर देऊच नये. ताकद असमान असल्यामुळे मूल आणखी मार खाते, आणि कधी हात उगारलाच तर शाळेच्या दप्तरी दोघेही सारखेच दोषी ठरतात.

मुलाच्या बोलण्यात ‘मी नसतोच तर बरं झालं असतं’ असा सूर आला, तर बाकी सर्व पायऱ्या बाजूला ठेवाव्यात. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. मुलाला एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा. ही सेवा चोवीस तास विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा वाटला तर थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे.

तिसरी पायरी : पुरावा जपणे

संतापाच्या भरात मेसेज पुसून टाकणे आणि समोरच्याला ब्लॉक करणे ही पालकांची स्वाभाविक प्रतिक्रिया असते, पण आधी नोंद करावी आणि मग ब्लॉक करावे. स्क्रीनशॉटमध्ये मजकुराबरोबर तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण क्रमांक किंवा अकाउंटचे नाव दिसले पाहिजे. नुसते ‘रोहन क्लास’ असे साठवलेले नाव पुरत नाही, म्हणून प्रोफाइल उघडून त्याचाही स्क्रीनशॉट घ्यावा. फेक अकाउंट असेल तर त्याची लिंक कॉपी करून ठेवावी, कारण दाखवायचे नाव केव्हाही बदलता येते. व्हॉट्सॲपवर ‘एक्स्पोर्ट चॅट’ ने संपूर्ण संभाषण जतन होते. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतल्याचे समोरच्याला कळते, त्यामुळे तेथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढणे सोयीचे. प्रकरण पोलिसांत जाण्याची शक्यता असेल तर मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन रीसेट करू नये, विकू नये. शाळेत समोरासमोर घडणाऱ्या प्रकारांसाठी एक साधी वही करावी : तारीख, जागा, काय घडले, कोण हजर होते, कोणाला सांगितले.

या सर्वाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मजकुरात अठरा वर्षांखालील मुलामुलीचा नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो वा व्हिडिओ असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नये आणि तो ‘पुरावा म्हणून’ मुख्याध्यापकांना, नातेवाइकांना किंवा पालकांच्या ग्रुपवर मुळीच पाठवू नये. अशी सामग्री बाळगणे आणि पसरवणे हाही पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) व माहिती तंत्रज्ञान कायदा यांखाली गुन्हा ठरू शकतो. लिंक, अकाउंटचे नाव आणि वेळ एवढेच लिहून घ्यावे आणि तो फोन घेऊनच पोलिसांकडे जावे.

चौथी पायरी : फोनमधील दारे लावणे

हे काम मुलाबरोबर बसून करावे, त्याच्या अपरोक्ष नाही. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ग्रुपसाठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडले की अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये घालू शकत नाही. प्रोफाइल फोटो आणि स्टेटसही तेवढ्यांपुरतेच ठेवावे. एखाद्याची तक्रार ॲपकडे केली की त्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात आणि आपण तक्रार केल्याचे त्याला कळवले जात नाही. हे सांगितले की मुलांची भीती बरीच कमी होते. इन्स्टाग्रामवर अकाउंट प्रायव्हेट ठेवावे. वर्गातल्याच मुलाला ब्लॉक केल्याने वाद चिघळेल असे वाटत असेल तर ‘रिस्ट्रिक्ट’ वापरावे, म्हणजे त्याच्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात आणि त्याचे मेसेज वेगळ्या खणात जाऊन पडतात. ऑनलाइन खेळांमधील व्हॉइस चॅट हे शिवीगाळीचे मोठे ठिकाण आहे आणि तिथले बोलणे सहसा कुठेही उरत नाही, म्हणून ते ओळखीच्या गटापुरतेच सुरू ठेवावे. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही देऊ नये. मैत्री तुटते तेव्हा त्याच अकाउंटवरून भलतेसलते पोस्ट होते.

फोटो पसरवण्याची धमकी देऊन कोणी पैसे किंवा आणखी फोटो मागत असेल, तर दोन्हींपैकी काहीही देऊ नये. एकदा दिल्यावर मागणी वाढतच जाते. अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. ती अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची असून फोटो अठरा वर्षांखालील वयात काढलेला असेल तर वापरता येते. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपापल्या मंचावर शोधून हटवतात.

पाचवी पायरी : शाळेकडे जाणे

प्रथम वर्गशिक्षकांची वेळ घेऊन भेटावे. वर्ग सुरू असताना दारात उभे राहून बोलू नये, आणि त्रास देणाऱ्या मुलाला गाठून स्वतः दम तर मुळीच भरू नये; तसे केल्यास तक्रार उलटून आपल्यावरच येते. तोंडी बोलणे झाल्यावर त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या नावे एक पानाचा अर्ज द्यावा. त्यात विशेषणे कमी आणि तारखा जास्त असाव्यात. काय घडले, कुठे घडले, मुलावर काय परिणाम झाला आणि शाळेने नेमके काय करावे अशी आपली विनंती आहे, एवढे लिहावे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. ही पोच पुढे फार कामाला येते.

विनंती ठोस असावी : बसण्याची जागा बदलणे, व्हॅनमध्ये पुढची सीट, मधल्या सुट्टीत जिन्याजवळ किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर शिक्षकांची उपस्थिती, वर्गाच्या ग्रुपवरील मजकूर हटवणे, दोन आठवड्यांनी आढावा. एक गोष्ट मात्र शाळेला स्पष्टपणे नाकारावी, ती म्हणजे दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून ‘हात मिळवा, झालं गेलं विसरा’ अशी मांडवली. भांडण दोन समान मुलांचे असेल तर ती चालते; छळात मात्र ज्याने सोसले त्यालाच सर्वांसमोर माफ करायला भाग पाडले जाते आणि वर्गाबाहेर पडताच हिशेब चुकता होतो. दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि मदतीच्या नावाखाली सोसणाऱ्या मुलाचीच तुकडी बदलू नये.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मार्च २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळ प्रतिबंधक समिती नेमण्याची मार्गदर्शक सूचना दिली असून तिच्यात शिक्षक, समुपदेशक, पालकांचे प्रतिनिधी आणि विद्यार्थीही असणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रातील शाळांमध्ये तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी २०२२ च्या शासन निर्णयाने आलेली ‘सखी सावित्री’ समिती अपेक्षित आहे. ती आपल्या शाळेत आहे का आणि तक्रारपेटी कोण, केव्हा उघडते, हे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारावे. धूळ खात लटकलेल्या पेटीत कोणतेही मूल चिठ्ठी टाकणार नाही. शाळेने दाद दिली नाही तर ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, त्यावर शिक्षणाधिकारी, आणि गरज पडल्यास महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग, असा क्रम धरावा.

शिक्षकांसाठी : बघ्यांवर काम

माझ्या मते प्रतिबंधाचा खरा गाभा इथे आहे, कारण शाळेतला छळ बहुतेक वेळा एकांतात घडत नाही. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की छळणारा आणि सोसणारा यांच्याभोवती इतर मुलेही निरनिराळ्या भूमिका घेत असतात. कोणी हात धरून साथ देते, कोणी हसून प्रोत्साहन देते, बरीच मुले बाजूला उभी राहतात आणि मोजकी मुले बाजू घेतात. याच अभ्यासातून पुढे तुर्कू विद्यापीठात शाळांसाठी ‘किवा’ हा कार्यक्रम तयार झाला आणि त्याचा भर बघ्यांची वागणूक बदलण्यावर आहे. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे आढळले की एखादे मूल मध्ये पडते तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबतो. अडचण ही की मुले मध्ये पडतात क्वचित.

म्हणून ‘चांगले वागा’ असे व्याख्यान देण्यापेक्षा मुलांना धोका न पत्करता करता येण्याजोग्या कृती शिकवाव्यात आणि वर्गात त्यांचा सराव घ्यावा. हसायचे नाही. स्टिकर पुढे पाठवायचे नाही. त्रास होत असलेल्या मुलाला ‘चल, तुला बाईंनी बोलावलंय’ असे म्हणून तिथून बाजूला न्यायचे. तेव्हा हिंमत झाली नाही तर निदान रात्री त्याला ‘आज झालं ते चुकीचं होतं’ एवढा मेसेज करायचा. सोसणाऱ्या मुलाला आपल्या बाजूने एक जण जरी आहे हे कळणे फार मोठे असते. आणि मोठ्यांना सांगायचे. मुलाला अडचणीत आणण्यासाठी सांगणे वेगळे आणि अडचणीतून सोडवण्यासाठी सांगणे वेगळे, हा फरक पाचवीतल्या मुलांनाही उदाहरणांनी नीट समजतो.

आणखी एक उपक्रम प्रत्येक शाळेने वर्षातून दोनदा करावा. शाळेचा साधा नकाशा प्रत्येक मुलाला द्यावा, नाव लिहायला सांगू नये, आणि जिथे भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगावे. खुणा सहसा मोजक्याच ठिकाणी गोळा होतात : मागचा जिना, स्वच्छतागृहाची वाट, मैदानाचा कोपरा, सायकल स्टँड, व्हॅनची मागची सीट. तिथे मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना एक शिक्षक उभा राहिला तरी बराच फरक पडतो. व्हॅनवाले काका, शिपाई आणि मावशी यांनाही या कामात घ्यावे, कारण अनेक गोष्टी शिक्षकांच्या आधी त्यांच्या डोळ्यांना दिसतात.

शिक्षकांनी स्वतःच्या बोलण्याकडेही पाहावे. सरांनी वर्गात एखाद्याला ‘ढोल्या’ किंवा ‘ढ’ म्हटले की ते नाव वर्षभर त्याच्या कपाळी बसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केलेली आहे.

आपलेच मूल त्रास देत असेल तर

शाळेतून असा फोन आला की पहिली ऊर्मी मुलाची बाजू घेण्याची असते. तरीही आधी पूर्ण ऐकून घ्यावे, स्क्रीनशॉट पाहावेत आणि मग मुलाशी शांतपणे बोलावे. ‘का केलंस?’ यापेक्षा ‘काय केलंस आणि तेव्हा तिचं काय झालं असेल?’ हे विचारावे. पट्ट्याने मारल्यास मूल एवढेच शिकते की मोठ्या ताकदीपुढे झुकायचे असते, आणि तो धडा तर त्याला आधीच येतो. परिणाम मात्र ठरवून द्यावेत : पोस्ट हटवणे, ज्या ग्रुपवर बदनामी केली त्याच ग्रुपवर ते खोटे होते असे लिहिणे, आणि समोरच्या मुलाची तयारी असेल तरच माफी मागणे. त्याच वेळी आपल्या मुलाचाही कोठे छळ होत नाही ना हे तपासावे. दोन्ही बाजूंना असलेली मुले थोडी नसतात, आणि त्यांना समुपदेशनाची गरज अधिक असते.

पोलिस आणि कायदा

प्रत्येक प्रकरण पोलिसांत नेण्याची गरज नसते. जिवे मारण्याची किंवा हल्ल्याची धमकी, लैंगिक स्वरूपाचा मजकूर, फेक अकाउंट काढून बदनामी, पाठलाग, पैशांची मागणी किंवा जातिवाचक अपमान असेल तर मात्र थांबू नये. चोवीस तास चालणारी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. मुलांविषयीच्या लैंगिक सामग्रीची तक्रार त्या पोर्टलवर नाव न देताही करता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्यामुळे त्याचा आधार घेऊ नये; परंतु दुसऱ्याची ओळख चोरण्यासाठी ६६ क, खासगी अवयवांचे चित्रण संमतीविना टिपण्या-पसरवण्यासाठी ६६ ई, बालकांच्या अश्लील सामग्रीसाठी ६७ ब ही कलमे आहेत, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलाग व धमकी यांसाठी तरतुदी आहेत. लैंगिक स्वरूपाचा गुन्हा मुलाबाबत घडल्याचे कळले तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेच्या नावाला धक्का लागेल म्हणून ते दडपणारे मुख्याध्यापक स्वतः शिक्षेस पात्र ठरतात.

समोरचा आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा प्रकरणातील कोणत्याही मुलाची, म्हणजे सोसणाऱ्याची, आरोपीची किंवा साक्षीदाराचीही, ओळख प्रसिद्ध करता येत नाही. म्हणून रागाच्या भरात त्या मुलाचा फोटो, नाव आणि शाळा फेसबुकवर टाकू नये. असे केल्यास पालकच कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

थांबल्यानंतरचे महिने

तक्रारीनंतर पहिला आठवडा शांत जातो, आणि तिथेच बहुतेक जण लक्ष काढून घेतात. पुढे सहामाही परीक्षा, सहल किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमी आल्या की देखरेख सैल होते आणि प्रकार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि पुढच्या सत्राच्या सुरुवातीला शाळेशी ठरवून बोलावे. मुलाला रोज ‘आज काही झालं का?’ विचारून त्या जखमेवर बोट ठेवू नये. त्याला शाळेबाहेर एक नवा गट मिळवून द्यावा, मग तो मल्लखांब असो, तबल्याचा क्लास असो की सोसायटीतला क्रिकेटचा संघ. आपण चारचौघांत नकोसे आहोत ही समजूत दुसऱ्या चारचौघांतच पुसली जाते. झोप, भूक आणि अभ्यासातील लक्ष सहा-आठ आठवड्यांत पूर्ववत झाले नाही तर बालमानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवावे. शाळा बदलण्याचा पर्याय शाळेकडचे सर्व उपाय लेखी करून झाल्यावर आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल तरच घ्यावा, आणि घ्यायचे ठरल्यास शक्यतो वर्षाच्या मध्यात न घेता नव्या वर्गात जाताना घ्यावा, म्हणजे वर्गात ते एकटेच नवीन मूल राहत नाही.